क्रीटमध्ये कुठे जेवायचे: निघण्यापूर्वीची तयारी

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर पसरलेले असून त्याच्या मधोमध उंच डोंगररांगा आहेत. त्यामुळे तेथे कुठे जेवायचे, हे बरेचसे मुक्काम निवडतानाच ठरून जाते. खोलीचे भाडे आणि समुद्राचे अंतर पाहताना, रात्री पायी जाऊन परत येता येईल अशा दोन-तीन तावेर्ना, म्हणजे तिथल्या घरगुती वळणाच्या खानावळी, जवळपास आहेत का, हेही नकाशावर पाहून घ्यावे. हानिया किंवा रेथिम्नोच्या जुन्या शहरात ही अडचण येत नाही. दोन्ही वेळच्या जेवणासकट मिळणारे हॉटेल स्वस्त वाटते खरे, पण ते घेतल्यावर बेटावरचे खरे जेवण बाजूलाच राहते. न्याहारीपुरती सोय पुरेशी आहे.

प्रवासाचा महिनाही तपासावा, कारण किनाऱ्यावरच्या अनेक खानावळी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्याच काळात चालतात आणि हिवाळ्यात दक्षिणेकडची लहान गावे जवळजवळ बंद असतात. स्थानिक लोक दुपारी दोननंतर आणि रात्री नऊनंतर जेवतात. लहान मुले किंवा वेळेवर जेवणारी वडीलधारी मंडळी बरोबर असतील, तर उतरल्याबरोबर जवळची बेकरी, म्हणजे ‘फूर्नोस’, शोधून ठेवावी. पालकाची किंवा चीजची ‘पाय’ (pie), म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ, तिथे सकाळपासून मिळते. इराक्लियो शहरात सिंहांच्या कारंज्याच्या चौकात न्याहारीला बुगात्सा, म्हणजे पातळ पापुद्र्यांत कस्टर्ड किंवा चीज भरून भाजलेला पदार्थ, खावा.

शाकाहारी मंडळींनी सर्वांत जास्त तयारी भाषेची करावी. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत उपवासाचे दिवस पुष्कळ असतात. ईस्टरपूर्वीचा दीर्घ उपवास आणि १ ते १४ ऑगस्टचा मारियेचा उपवास हे त्यांतले प्रमुख. या दिवसांत मांस, अंडी आणि दूध वर्ज्य असल्यामुळे ‘नीस्तीसिमा’ म्हणजे उपवासाचे पदार्थ बऱ्याच ठिकाणी मिळतात आणि एरवीही हा शब्द स्वयंपाकघरात समजतो. मात्र या उपवासाला कालवे, कोळंबी, माकूळ आणि ऑक्टोपस चालतात, हे विसरून मागणी केल्यास ताटात भलतेच काही येईल. म्हणून भरपूर ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांची, म्हणजे ‘लादेरा’ पदार्थांची चौकशी करावी: भेंडी, फरसबी, वांगी-बटाट्याचे ब्रियाम. हे पदार्थ अनेकदा कोमटच वाढले जातात. ते परत पाठवू नयेत, तशीच रीत आहे. फावा ही पिवळ्या डाळीची चटणीवजा प्युरी आपल्या घट्ट वरणाच्या इतकी जवळची आहे की, लिंबू पिळले की घरची आठवण यावी. भरलेले टोमॅटो आणि द्राक्षाच्या पानांचे दोल्मादाकिया मागवताना आत खिमा नाही ना, हे विचारून घ्यावे. खरा सापळा गामोपिलाफो या लग्नातल्या भाताचा आहे. तो दिसायला पांढराशुभ्र आणि निरुपद्रवी असला, तरी मांसाच्या रश्शात शिजवलेला असतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र स्वयंपाकघर असलेलीच खोली घ्यावी.

चीज चालत असेल, तर दाकोस मागवावा: भिजवलेल्या जवाच्या टोस्टवर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज आणि तेल. हानिया भागातील बुरेकी, म्हणजे झुकिनी आणि बटाट्याची भाजलेली पाय, आणि मधासह खायची स्फाक्या भागातली पातळ पोळी हे दोन्ही पदार्थ चुकवू नयेत. मांसाहारी मंडळींनी इदी या डोंगराच्या उतारावरचे अनोया गाव यादीत ठेवावे; विस्तवाभोवती उभे करून संथ भाजलेले कोकरू तिथे मिळते.

मासे खाणाऱ्यांनी भाव किलोवर असतो हे लक्षात ठेवून मासा डोळ्यांसमोर तोलून घ्यावा आणि रक्कम आधी विचारावी. गोठवलेल्या मालापुढे मेन्यूत बहुधा तारांकन असते. पावाचे वेगळे पैसे बिलात लागू शकतात, तो प्रथेचा भाग आहे. अधिकृत पावती मिळाली नाही तर ग्राहकाला पैसे देणे बंधनकारक नाही, अशी सूचना ग्रीक मेन्यूवर छापलेली असते, म्हणून पावती मागण्यात संकोच नको. हानियाच्या व्हेनिशियन बंदराकाठी कॉफी जरूर घ्यावी, पण जेवणासाठी मागच्या गल्ल्यांत शिरावे. दारात उभे राहून बोलावणाऱ्या खानावळीपेक्षा स्थानिक कुटुंबे बसलेली खानावळ मी केव्हाही पसंत करीन.

सहलीच्या दिवसांचा विचार वेगळा करावा. समारिया घळीच्या सुमारे १६ किलोमीटरच्या वाटेवर खानावळ नाही. खाऊ बरोबर घ्यावा, पाण्याचे झरे वाटेत आहेत. घळीच्या तोंडाशी असलेल्या आया रूमेलीला गाडीरस्ता नाही, त्यामुळे तिथे जेवायला बसण्यापूर्वी परतीच्या बोटीची वेळ पाहून घ्यावी. लुत्रो या किनाऱ्यावरच्या गावीही बोटीनेच किंवा पायी जाता येते. डोंगरातल्या गावांसाठी थोडे रोख युरो जवळ असू द्यावेत. जेवणानंतर फळांबरोबर न मागताच दिली जाणारी त्सिकुदिया ही दारू जळजळीत असते. परतीला गाडी कोण चालवणार, हे तिचा पेला समोर येण्याआधीच ठरवावे.