मनगट महिनोन्महिने दुखतंय? नुसतं तेल चोळत बसू नका

आमच्या देवगडात एप्रिल-मेमध्ये कुणाचं मनगट दुखलं की निदान ठरलेलं, आंब्याच्या पेट्या उचलल्या असतील. माझंही तसंच झालं, आई म्हणाली "मुरगाळला असतला, तेल लाव", लावलं, पाऊस येऊन गेला तरी दुखणं तिथंच आणि रात्री दोन-अडीचला जाग यायची ती वेगळीच. शेवटी निघालं ऑस्टिऑइड ऑस्टिओमा, म्हणजे हाडातली कॅन्सर नसलेली गाठ, शेंगदाण्याएवढी पण नाही.

म्हणून सांगतो, आधी आठवडाभर वहीत लिहा. काम केलं नाही तरी दुखतं का, रात्री वाढतं का, डॉक्टरने दिलेली आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतल्यावर एकदम उतरतं का. तीनही हो असेल तर ही वही डॉक्टरसमोर ठेवा, अर्धं काम तिथंच होतं (पण गोळ्या मनाने खात राहू नका, पोटाची वाट लागते).

मनगटावर मऊ फुगवटा असेल आणि मोबाईलच्या टॉर्चचा उजेड आरपार जात असेल तर बहुतेक साधा गँगलियन, म्हणजे सांध्याजवळची पाणीदार गाठ, तरी डॉक्टरला दाखवाच.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून सुटलो असं समजू नका, मनगटात छोटी ८ हाडं एकमेकांवर चढलेली दिसतात, माझा पण नॉर्मलच होता. एमआरआयमध्ये हाडाला आलेली सूज एवढी दिसते की मार लागलाय की इन्फेक्शन आहे असंच वाटतं. खरी गाठ सापडते पातळ कापांच्या सीटी स्कॅनमध्ये, बहुतेक दीड सेंटिमीटरच्या आतला काळा गोल ठिपका, कधी मध्ये पांढरा कण. चिठ्ठीवर संशय काय आहे ते डॉक्टरला लिहायला सांगा, नाहीतर काप जाड घेतले जातात आणि ठिपका निसटतो.

वय २० ते ४० आणि रेडियसच्या (कोपरापासून मनगटापर्यंतचं अंगठ्याच्या बाजूचं हाड) मनगटाकडच्या टोकाला हाड पोखरलेलं, सांध्यापर्यंत, तर जायंट सेल ट्यूमर डोक्यात ठेवायचा. कॅन्सर नाही, पण हाड खातो, क्वचित फुफ्फुसात जातो, म्हणून छातीचाही फोटो काढतात. रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड या गळ्यातल्या ग्रंथीचं हार्मोनही तपासून घ्या, त्या ग्रंथीच्या बिघाडाने हाडात अगदी तसंच दिसतं. आणि हाडाचा टीबी आपल्याकडे विसरून चालतच नाही. बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) मात्र जो सर्जन पुढे ऑपरेशन करणार त्याच्याच सल्ल्याने, चुकीच्या जागी सुई गेली की पुढचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं.

बांबोळीला (गोव्याचं सरकारी मेडिकल कॉलेज) किंवा मुंबईला जाताना नुसता रिपोर्टचा कागद नको, सीटीची सीडी पण घ्या आणि एसटीत प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवा, माझी पहिली फिल्म भिजून चिकटली होती.