टीम ट्रेनिंगचा असर टिकवायचा कसा?

ट्रेनिंगचे दोन दिवस संपले की सगळे खुश, ग्रुपवर फोटो पडतात, आणि महिन्याभरात परत तेच, "मला कुणी सांगितलंच नाही". हे टाळायचं तर ट्रेनिंगच्या आधीच लिहून ठेवा की काम नेमकं कुठे अडतंय, किती कामं परत करावी लागतात, हँडओव्हरला किती वेळ जातो वगैरे, नाहीतर नंतर फरक पडला की नाही हे कळणार कसं?

खेळ कमी ठेवा, खरं काम जास्त. मुलन आणि कॉपर या संशोधकांनी १९९४ मध्ये गटाची एकी आणि कामगिरी यांवरचे जुने अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात एकमेकांच्या आवडीपेक्षा कामाशी बांधिलकी कामगिरीला जास्त जोडलेली निघाली, आणि एकीमुळे काम सुधारण्यापेक्षा काम जमल्यामुळे एकी वाढते हा परिणाम जास्त जोरकस. म्हणून सुरुवातीला छोटं, नक्की जमेल असंच काम द्या.

मग दर आठवड्याला १५ मिनिटं बसायचं. ठरलं काय होतं, झालं काय, का झालं, आता काय बदलायचं. पहिली चूक लीडरने स्वतःची सांगायची, "मी फाईल उशिरा पाठवली म्हणून तुझं अडलं", एवढं म्हटलं की बाकीचे आपोआप तोंड उघडतात (लीडरलाच हे सगळ्यात जड जातं!).

मध्ये भांडणं वाढली तर लगेच ट्रेनिंग फसलं म्हणू नका, टीम कशी घडत जाते याचे टप्पे सांगणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ टकमनच्या १९६५ च्या मॉडेलमध्ये दुसरा टप्पाच वादाचा आहे.

नवीन माणूस आला की ही आठवड्याची बैठक त्याला पहिल्यापासून समजावून सांगा, आणि तीन महिन्यांनी ती जुनी यादी काढून परत मोजा.