टेबलावरची पंगत : सहा जणांसाठी केळीच्या पानांची मांडणी

ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये जमिनीवर पंगत बसवणं अवघड, पण डायनिंग टेबलावर ती छान जमते. टेबल किमान ३ फूट रुंद हवं. समोरासमोरची दोन पानं २४ इंच घेतात, मधे फुटभर पट्टा सजावटीला उरतो. माणशी २ फूट लांबी धरा.

पानं जांभळी नाक्यावरून त्याच दिवशी सकाळी आणा, सहा जणांना आठ. दोन फाटतातच. पान शिरेच्या रेषेत चिरतं, कारण ते ताठ असतं. म्हणून पुसल्यावर मंद गॅसवरून दोन-तीन सेकंद फिरवा. रंग गडद, तकतकीत झाला की पान लवचीक झालं. जास्त वेळ धरलं तर करपतं.

पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे. मीठ वर मध्यभागी, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. आमटीला वाटी द्याच, नाहीतर ती थेट मांडीवर येते.

पानाभोवती नेहमीची रांगोळी नको, ती दगडाची भुकटी असते. तांदळाची पिठी घ्या, चिमटीतून बारीक रेघ सोडा आणि तोवर पंखा बंद ठेवा. मधल्या पट्ट्यात पितळी घंगाळात पाणी आणि झेंडूच्या पाकळ्या. मोगरा, निशिगंध मात्र दाराशीच शोभतात. ताटाजवळ त्यांचा वास वरणावरच्या तुपाचा सुवास मारून टाकतो.

ट्यूबलाइट बंद करून पिवळसर, २७०० केल्व्हिनचा बल्ब लावा. पांढऱ्या उजेडात वरणभात फिका दिसतो.