नव्या सदनिकेची पाच वर्षांची हमी : ती प्रत्यक्षात कशी मिळवावी

महाराष्ट्रात नव्या इमारतीतील सदनिका घेणाऱ्याची खरी हमी कायद्यातच लिहिलेली आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याच्या, कलम १४(३) नुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यातील, कारागिरीतील, दर्जातील किंवा सेवासुविधांमधील दोष विकासकाच्या निदर्शनास आणून दिल्यास, तो ३० दिवसांत आणि विनामूल्य दुरुस्त करून देणे हे विकासकाचे कर्तव्य आहे. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्रातील सदनिकांविषयीच्या जुन्या कायद्यात ही मुदत तीन वर्षांची होती.

या तरतुदीतले 'निदर्शनास आणून दिल्यास' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. आमच्या घरी पहिल्याच पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला ओल आली, तेव्हा मी साइटवरच्या सुपरवायझरला फोन केला आणि "पाऊस थांबू द्या, भिंत सुकली की माणूस पाठवतो" या उत्तरावर विसंबून राहिलो. दोन पावसाळे असेच गेले. शेवटी लेखी तक्रार केली, तेव्हा पहिली तक्रार कधी केली होती याचा एकही कागद माझ्याकडे नव्हता. म्हणून दोष दिसला की त्याच आठवड्यात ई-मेल करावा आणि तेच पत्र टपालाने पोचपावतीसह पाठवावे. पत्रात सदनिका क्रमांक, ताब्याची तारीख, दोष नेमका कोठे आहे व प्रथम केव्हा दिसला हे लिहून, तारखेसह छायाचित्रे जोडावीत आणि कलम १४(३) चा उल्लेख करून ३० दिवसांत दुरुस्तीची मागणी करावी.

पाच वर्षे ताब्याच्या तारखेपासून मोजली जात असल्याने ताबापत्र जपून ठेवावे, आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास योग्य असल्याचा स्थानिक प्राधिकरणाचा दाखला) मिळाले आहे याची खात्री केल्याशिवाय ताबा घेऊ नये. 'सर्व काही समाधानकारक आहे' अशा छापील मजकुरावर किल्ल्यांच्या घाईत सही करण्यापूर्वी घर नीट तपासावे. फरशीवर नाण्याने हलके ठोकत गेल्यास खाली पोकळी राहिलेली फरशी वेगळ्या, भरीव नसलेल्या आवाजावरून ओळखू येते. न्हाणीघरातील पाणी वाहून जाण्याचे तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी एक-दोन दिवस साठवून ठेवावे आणि खालच्या मजल्यावरचे छत पाहावे; वॉटरप्रूफिंगची कसोटी याहून सोपी नाही. भिंतीला तडा दिसल्यास त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहावी, म्हणजे तडा वाढतो आहे की नाही हे काही महिन्यांनी वादाविना सांगता येते.

करारनाम्यातील दोषदायित्वाचे, म्हणजे दोष दुरुस्त करून देण्याच्या जबाबदारीचे, कलम अवश्य वाचावे. सर्वसाधारण झीज आणि तापमानातील फरकामुळे गिलाव्याला पडणारे केसासारखे बारीक तडे हे हमीतून अनेकदा वगळलेले असतात. विकासकाच्या लेखी संमतीशिवाय न्हाणीघर, स्वयंपाकघर किंवा नळजोडणीत फेरबदल केल्यास हमी संपुष्टात येईल, अशीही अट अनेक करारनाम्यांत असते. माझ्या मते ग्राहकाचे सर्वांत मोठे नुकसान येथेच होते, कारण ताबा मिळताच इंटिरियरवाला बाथरूमच्या फरशा उखडतो आणि नंतरच्या प्रत्येक गळतीचे खापर त्या कामावर फोडले जाते. फेरबदल करायचेच असतील, तर आधी लेखी संमती घ्यावी आणि मूळ स्थितीची छायाचित्रे काढून ठेवावीत.

लिफ्ट, पंप, नळ, दरवाजे यांना उत्पादक कंपन्यांची स्वतंत्र, बहुधा कमी मुदतीची वॉरंटी असते. ती कागदपत्रे मागून घ्यावीत. गच्ची, बाहेरच्या भिंती, पाण्याच्या टाक्या अशा सामायिक भागांबाबत सोसायटीने ठराव करून पत्र द्यावे. अभिहस्तांतरण (मालकी रीतसर नावावर करून देणे) झाले की जबाबदारी संपली, असे विकासक सांगत असल्यास ते मान्य करू नये. कलम ११(४)(अ) नुसार अभिहस्तांतरणानंतरही ही पाच वर्षांची जबाबदारी कायम राहते.

तीस दिवस उलटूनही काम झाले नाही, तर महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर ऑनलाइन तक्रार दाखल करता येते. दुरुस्तीचा आदेश हवा असल्यास ती प्राधिकरणाकडे, आणि नुकसानभरपाई हवी असल्यास ती ठरवणाऱ्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे करावी लागते. दोन्ही ठिकाणी नोंदणीकृत करारनामा, ताबापत्र, पत्रव्यवहार आणि शक्य असल्यास स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल जोडावा. सांगाड्यातील दोषाचा संशय असेल, तर हा अहवाल पाचवे वर्ष संपण्याच्या बराच आधी, शक्यतो चौथा पावसाळा सरताच, करून घ्यावा.