खांबाला खांबाचं झबलं

क्रोशे येणाऱ्यांना हा विनोद लगेच कळेल, बाकीच्यांसाठी सांगते, क्रोशात जो उभा टाका असतो ना त्याला आपल्याकडे खांब म्हणतात आणि त्याच्या बुटक्या भावाला मुका खांब, तर आम्ही सोसायटीच्या गेटजवळच्या लोखंडी खांबाला खांबाखांबानेच विणलेलं झबलं घातलं आणि तेव्हापासून "कसं केलं, किती लोकर लागली, सेक्रेटरी काही बोलले नाहीत का" याची उत्तरं इतक्या वेळा टाईप करून झालीयेत की म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

बाहेरच्या देशात याला यार्न बॉम्बिंग म्हणतात. २००५ साली अमेरिकेत ह्यूस्टनला मॅग्डा सायेग नावाच्या बाईने आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला विणलेलं कव्हर घातलं, लोक थांबून थांबून बघायला लागले, मग तिने रस्त्यावरच्या स्टॉपच्या पाटीचा दांडा घेतला आणि तिथून ते जगभर पसरलं. २०१०च्या डिसेंबरमध्ये ओलेक नावाच्या पोलिश कलाकार बाईने न्यूयॉर्कमधल्या वॉल स्ट्रीटच्या त्या ब्राँझच्या बैलाला अख्खा गुलाबी-जांभळा क्रोशाचा सूट चढवला होता, तो काही तासांतच उतरवला गेला ती गोष्ट वेगळी. आपल्याला यात फार आश्चर्य वाटायचं कारण नाही खरं तर, ज्या घरांत टीव्हीला रुमाल, मिक्सरला फ्रॉक आणि फ्रिजच्या हँडललासुद्धा मोजा होता त्या घरांतल्या बायकांनी हे सगळं आधीच करून ठेवलंय, फक्त उंबऱ्याच्या आत.

२०११पासून ११ जून हा यार्न बॉम्बिंगचा दिवस म्हणून पाळतात. आता बघा, ११ जून ही हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सून पोचायची नेहमीची तारीख. त्यामुळे तो दिवस त्यांचा त्यांनाच लखलाभ. आपला सीझन दसरा-दिवाळी आटपली की सुरू आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात बंद, हे आधी डोक्यात पक्कं करा. मी पहिल्या वर्षी शहाणपणा केला, मे संपता संपता सुती दोऱ्याचं जाड कव्हर चढवलं, म्हटलं पाऊस आला तर बघू. पाऊस आला. सुताने एवढं पाणी प्यायलं की सगळं कव्हर नाडी सुटलेल्या पायजम्यासारखं खाली घसरून खांबाच्या तळाशी गोळा झालं, चौथ्या दिवशी त्याला असा वास सुटला की वॉचमनने खुर्ची गेटच्या दुसऱ्या बाजूला नेली. शेवटी कात्रीने कापून काढलं, तीन आठवड्यांचं काम पाच मिनिटांत कचऱ्यात.

जागा कुठली घ्यायची? सुरुवात कंपाउंडच्या आतूनच करा: गेट, बाकडं, जिन्याचा कठडा, चाळ असेल तर गॅलरीचे गज. सेक्रेटरींना दोन ओळींचा अर्ज द्या, त्यात कधी लावणार, कधी काढणार आणि काढायची जबाबदारी कुणाची हे लिहा. तिसरा मुद्दा बघितला की निम्मा विरोध तिथेच मावळतो, कारण मांडव घालायला पन्नास जण असतात आणि सोडवायला चार, हे प्रत्येक सेक्रेटरीला पाठ असतं. कंपाउंडच्या बाहेर जायचं असेल तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसची लेखी परवानगी लागेल असं धरूनच चला. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५चा कायदा आहे आणि लोकर मऊ असते म्हणून कुणी सूट देईल या भरवशावर राहू नका.

दिव्याच्या खांबाला आणि फुटपाथवरच्या विजेच्या पेट्यांना हात लावायचा नाही, यावर चर्चाच नाही. सिग्नल आणि रस्त्याच्या पाट्या झाकायच्या नाहीत, रेल्वेच्या हद्दीत तर काहीच करायचं नाही. झाडांबद्दल माझं मत जरा कडक आहे. फोटोत झाडाचं स्वेटर छान दिसतं पण आपल्या हवेत खोडाला ओलं कापड गुंडाळून ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण, खिळा किंवा स्टेपल तर मारायचाच नाही, शहरातल्या झाडांसाठी १९७५चा वेगळा कायदा आहे. अगदीच हौस असेल तर एका कार्यक्रमापुरतं सैल बांधा आणि त्याच संध्याकाळी सोडा.

आता खांबाचं झबलं. सुतळीने खांबाचा घेर मोजा, तळाशी, मध्ये आणि वर, तिन्ही ठिकाणी, कारण रंगाचे थर चढून चढून खांब सगळीकडे सारखा राहिलेला नसतो. आमचा घेर ३८ सेंटीमीटर होता. कव्हर घेराएवढं करायचं नाही, दोन-तीन सेंटीमीटर कमी करायचं, विणकाम ताणलं जातं आणि ताणलेलंच जागेवर राहतं. दोन सुयांवर उलट-सुलट विणणार असाल तर ते क्रोशापेक्षा जास्त ताणतं, तिथे अजून थोडं कमी चालेल. एवढ्या घेराच्या, १५० सेंटीमीटर उंच कव्हरला मध्यम जाडीची ४०० ते ५०० ग्रॅम लोकर लागते, सुई ४ किंवा ५ मिलिमीटरची. लोकर म्हणजे अ‍ॅक्रेलिक बरं का, दादरला किंवा भुलेश्वरला सहज मिळते. खरी लोकर महाग पडते आणि सुताची कथा वर सांगितलीच. अ‍ॅक्रेलिक शेवटी प्लास्टिकच आहे, झिजून त्याचे तंतू झडतात, म्हणून मी नवीन कमी विकत घेते आणि लोकांच्या कपाटातलं अर्धवट सोडलेलं विणकाम गोळा करते. प्रत्येक इमारतीत कुणाचा तरी १९९८ सालापासून एका बाहीवर अडकलेला स्वेटर असतोच.

टाके साधेच ठेवा. खांबाच्या ओळी, मध्ये मध्ये मुक्या खांबाची एक ओळ, त्याने कापड घट्ट बसतं. व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, अमेरिकन बाई ज्याला डबल क्रोशे म्हणते तोच आपला खांब, पण ब्रिटिश बाई डबल क्रोशे म्हणाली की तो मुका खांब असतो. आमच्या दोन काकूंनी अर्धं अर्धं कव्हर वेगवेगळ्या व्हिडिओंवरून केलं, ओळी दोघींनी मोजून सारख्याच घातल्या आणि तरी एकीचा तुकडा दुसरीच्या जेमतेम अर्धा भरला, मग आठवडाभर "मी बरोबरच केलं होतं" चालू होतं.

लावताना तुकडा सपाटच न्यायचा आणि खांबाभोवती गुंडाळून जागेवर शिवायचा. आधी कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवा, वरच्या ओळीतून नायलॉनची बारीक दोरी ओवून घट्ट गाठ मारा म्हणजे घसरणार नाही, मग जाड बोथट सुईने दुहेरी दोऱ्याने वरून खाली शिवत या. दोऱ्यांची टोकं आत दाबून कापा. लोंबते दोरे, झालरी, गोंडे बाहेर नकोत, पक्ष्यांचे पाय त्यात गुंततात, मांजाने काय होतं ते आपण दर संक्रांतीला बघतो.

पण खरं सांगू का, खांबापेक्षा मुंबईला भरतकाम जास्त शोभतं, तेही जाळीवरचं. आपल्याकडे कंपाउंडला जाळी, खिडकीला जाळी, इमारतीची रिपेअरिंग निघाली की अख्ख्या इमारतीला हिरवी जाळी, आणि जाळी म्हणजे काय, शाळेत ज्या मॅटीवर फुलीचे टाके शिकलो तीच, फक्त मोठी. चौकोनी वेल्ड केलेली जाळी असेल तर एक घर एक फुली, इतकं सोपं. तिरक्या घरांची जाळी असेल तर कोपरे वर-खाली आणि डावी-उजवीकडे येतात म्हणून फुलीचं अधिकचं चिन्ह होतं आणि ओळी विटांसारख्या एकाआड एक सरकतात, तिथे अक्षरांच्या भानगडीत न पडता फुलं, मासे, पतंग करा.

दोऱ्याऐवजी जुन्या साड्या वापरा. बोहारणीला द्यायच्या आधी जॉर्जेटच्या, सिंथेटिक साड्या बाजूला काढा, त्या पाणी धरत नाहीत आणि रंगही बरा टिकतो. साडी लांबीच्या बाजूने १ इंची पट्ट्यांत कापायची, साडेपाच मीटरच्या साडीतून २०० मीटरच्या वर पट्टी निघते. २ इंचाच्या घराच्या एका फुलीला मागचा फेरा धरून साधारण १० इंच पट्टी जाते, म्हणजे २०० फुल्यांना पन्नासेक मीटर झाली आणि एका साडीत हे आरामात बसतं. सुई लागतच नाही, पट्टीच्या टोकाला सेलोटेप गुंडाळा, बुटाच्या नाडीसारखं कडक होतं आणि लहान मुलंही ओवतात. सगळ्या फुल्यांचा वरचा पाय एकाच दिशेला यायला हवा, नाहीतर लांबून चित्र पिसकटलेलं दिसतं. मुलं हे कधीच पाळत नाहीत, मी उसवत बसत नाही.

नक्षी आधी गणिताच्या चौकटीच्या वहीत काढा. देवनागरीसाठी शिरोरेषेपासून खाली ९ घरं तरी हवीत, त्याच्या वर वेलांटी-मात्रेला ३ आणि खाली उकाराला २ मोकळी सोडा. हे मला इतकं नेमकं माहीत आहे कारण आम्ही उन्हाळ्यात गेटजवळ डिलिव्हरीवाल्यांसाठी माठ ठेवतो, त्याच्यामागच्या जाळीवर 'पाणी प्या' लिहायचं ठरलं आणि मी शिरोरेषा जाळीच्या अगदी वरच्या घरातून सुरू केली. अक्षरं झाली, काना झाला आणि वेलांटीला वर जाळीच उरली नाही. दोन दिवस गेटवर 'पाणा प्या' असं होतं. एका पोराने पाणी पिऊन झाल्यावर ग्लास ठेवत विचारलं, "ताई, हा पाणा कुठेय?" मग रिपेअरिंगच्या उरलेल्या हिरव्या जाळीचा तुकडा घेतला, त्यावर दाभणाने लाल पट्टीची वेलांटी भरली, दोन तारांवर ताणून जाळीच्या वर उभी केली.

आणि गंमत म्हणजे त्या वेलांटीनेच मला सगळ्यात सोयीची पद्धत शिकवली. हिरव्या जाळीवर घरी बसून, पंख्याखाली, जेवढं भरायचं तेवढं भरा, कडा दुमडून शिवा आणि मग केबल टायने कंपाउंडला बांधा. उन्हात तासन् तास उभं राहायला नको, कुणी हरकत घेतली तर टाय कापून दोन मिनिटांत खाली, पाऊस आला तर घडी करून आत. ज्या आजींना गुडघ्यांमुळे खाली उतरवत नाही त्यांच्याकडे तुकडा वर जातो, आमच्याकडे तिसऱ्या माळ्यावरच्या आजींनी साखळी टाक्याने एक कावळा भरून पाठवला, त्याच्या डोळ्याला ब्लाउजचं हूक लावलं होतं. माझ्या दहा फुल्यांपेक्षा लोक तो कावळा बघायला थांबतात, मला काही वाईट वाटलेलं नाही (थोडं वाटलं).

माणसं जमवायची तर "वर्कशॉप" वगैरे म्हणू नका, कुणी येत नाही, किंवा येतात आणि सर्टिफिकेट मागतात. रविवारी संध्याकाळी पाच वाजता जाळीपाशी पट्ट्यांची बादली ठेवून स्वतः ओवायला लागा. आधी मुलं येतात, मग त्यांना बोलवायला आलेल्या आया थांबतात, मग कुणीतरी काका लांबून "ही फुली चुकली" सांगतात, त्यांच्या हातात लगेच पट्टी द्यायची. बारीक भरतकाम येणाऱ्यांना जिन्याचे कोपरे द्या. थुंकू नये म्हणून देवांच्या टाईल्स लावतात ना, त्याऐवजी आम्ही एका कोपऱ्यात छोट्या चौकटीत मॅटीवर भरून लावलं, 'काका, इथे नको'. आत्तापर्यंत कोपरा स्वच्छ आहे, पण दुसऱ्या मजल्यावरचे काका माझ्याशी बोलत नाहीत.

दर पंधरा दिवसांनी एकदा फिरून बघा, काय सुटलंय, काय काळवंडलंय. रस्त्याच्या बाजूचं काम धुळीने महिन्याभरात राखाडी होतं, तेव्हा हलके रंग आतल्या बाजूला आणि बाहेर लाल, गर्द निळा, हळदी. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सगळं उतरवायचं. पट्ट्या ओढून काढल्या की बादलीत सर्फमध्ये रात्रभर, वाळवून गुंडे करून पिशवीत, पुढच्या वर्षी परत तीच साडी. खांबाचं कव्हर शिवणीवर उसवा, मधून कापू नका, म्हणजे दिवाळीनंतर तसंच चढवता येतं. आमची लाल वेलांटी गेल्या पावसाळ्यात माझ्या पलंगाखाली होती, दिवाळीच्या साफसफाईला आईने ती बाहेर ओढली आणि विचारलं, हे कसलं हँगर आहे गं.