सांबा वापरताना या चुका टाळा

लिनक्स संगणकावरील फाइली आणि प्रिंटर विंडोज व मॅक वापरणाऱ्यांनाही खुले करून देणारे सांबा हे मुक्त सॉफ्टवेअर १९९२ पासून वापरात आहे. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात त्याची सुरुवात केली. आज ते इतके मुरलेले आहे की बहुतेक अडचणींचे मूळ त्यात नसून आपण केलेल्या मांडणीत असते. तरीही फोल्डर उघडला नाही की परवानगी ७७७ (म्हणजे सर्वांना सर्व मुभा) करून सगळे मोकळे सोडले जाते. त्याने काम चालू होते, पण कार्यालयातील कागद कोणीही पुसू शकेल अशी स्थिती होते आणि नेमके काय अडले होते ते कळतच नाही.

सर्वांत जास्त वेळ पासवर्ड खातो. लिनक्सवर खाते उघडले म्हणजे तोच पासवर्ड सांबालाही चालेल, असे अनेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात सांबाची पासवर्डांची नोंद वेगळी असते. त्यामुळे 'एसएमबीपासडब्ल्यूडी' ही आज्ञा 'वजा ए' हा पर्याय आणि वापरकर्त्याचे नाव देऊन चालवावी लागते. एवढे करूनही विंडोज नकार देत असेल, तर त्याच सर्व्हरशी आधी दुसऱ्या नावाने केलेली जोडणी तोडावी, कारण एकाच वेळी दोन नावांनी जोडू देण्यास विंडोज तयार नसते.

दुसरी चूक परवानग्यांची. सांबाच्या मांडणीच्या फाइलीत एखाद्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा दिली, तरी लिनक्सची परवानगी नसेल तर ती निरुपयोगी ठरते. एका कार्यालयात 'हिशेब' नावाच्या फोल्डरची परवानगी आणि गट दोन्ही बरोबर असूनही तो कोणालाच उघडत नव्हता, आणि कारण शोधण्यात माझा अर्धा दिवस गेला. 'नेमआय वजा एल' या आज्ञेने वाटेवरील प्रत्येक पायरी तपासली, तेव्हा दिसले की फोल्डर एका व्यक्तीच्या होममध्ये, म्हणजे तिच्या खात्याच्या खासगी फोल्डरमध्ये, आहे आणि ते होमच इतरांना बंद आहे. उबुंटूमध्ये २१.०४ आवृत्तीपासून नव्या खात्याचे होम ७५० परवानगीनेच, म्हणजे इतरांना बंद असे, तयार होते. तो फोल्डर सर्व्हरवरून वाटायच्या फाइलींसाठी असलेल्या 'एसआरव्ही'खाली हलवला, त्याला २७७० परवानगी (मालक व गटाला पूर्ण मुभा, इतरांना काहीच नाही, नव्या फाइली त्याच गटाच्या) दिली आणि संबंधितांना एका गटात घेतले. इतरांना काहीही उघडे न करता काम सुरू झाले.

विंडोजच्या नेटवर्क यादीत सर्व्हर दिसत नाही म्हणून जुना एसएमबी १ (फाइली वाटण्याच्या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती) चालू करण्याचा सल्ला अजूनही दिला जातो; तो कृपया मानू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर पसरले ते विंडोजमधील याच जुन्या प्रोटोकॉलच्या त्रुटीतून, आणि सांबाने ४.११ आवृत्तीपासून तो मुळातच बंद ठेवला आहे. यादीत नाव हवे असेल तर विंडोजला सर्व्हरची ओळख करून देणारे 'डब्ल्यूएसडीडी' बसवावे, नाहीतर पत्ता थेट टाकावा. तरीही जोडणी होत नसेल तर फायरवॉलमध्ये ४४५ क्रमांकाचा पोर्ट खुला आहे का ते पाहावे.

मांडणीच्या फाइलीत बदल केला की दर वेळी ती फाइल तपासणारी 'टेस्टपार्म' ही आज्ञा चालवावी, कारण चुकीच्या स्पेलिंगची ओळ सांबा सोडून देते आणि सेवा मात्र सुरू राहते.

प्रिंटरच्या बाबतीत आधी लिनक्सवरच कप्स या छपाई यंत्रणेमधून चाचणी पान छापून पाहावे. तेच निघत नसेल, तर सांबाच्या फाइलीत कितीही शोधले तरी दोष सापडणार नाही.