स्ट्रायकरची कारकीर्द कशी वाचावी: अल्बेर्तो स्पेन्सरच्या ५४ गोलांच्या निमित्ताने

दक्षिण अमेरिकेतील एखाद्या स्ट्रायकरची कारकीर्द अभ्यासायला बसल्यावर पहिल्यांदा नजरेत भरतो तो गोलांचा एकूण आकडा, आणि नेमका तोच सर्वांत शेवटी लिहावा. हा आकडा अनेक वेगवेगळ्या बेरजांचा बनलेला असतो, आणि त्या सुट्या केल्याशिवाय खेळाडू कळत नाही. त्यासाठी एक वही घ्यावी, एकच खेळाडू निवडावा आणि सामन्यागणिक नोंद करत जावे. येथे उदाहरणासाठी मी इक्वेडोरचा अल्बेर्तो स्पेन्सर निवडला आहे. कोपा लिबर्तादोरेस या खंडातील सर्वोच्च क्लब स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे ५४ गोल आजही त्याच्याच नावावर आहेत. तरीही ज्यांनी विश्वचषक गाजवला त्यांच्या यादीत तो नसल्यामुळे आपल्याकडे त्याचे नाव फारसे घेतले जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

वहीत पहिली विभागणी अधिकृत आणि मैत्रीपूर्ण सामन्यांची करावी. पेलेच्या नावावर हजाराहून अधिक गोल सांगितले जातात, पण त्यांतील अधिकृत सामन्यांमधले गोल साडेसातशेच्या आसपास भरतात. ब्राझीलच्याच रोमारियोने २० मे २००७ रोजी वास्को द गामा या क्लबकडून पेनल्टीवर आपला हजारावा गोल साजरा केला, पण त्या हजारांत त्याने युवा संघांकडून आणि मैत्रीपूर्ण सामन्यांत केलेले गोलही मोजलेले होते. मात्र मैत्रीपूर्ण सामन्यांचा रकाना सरसकट खोडून टाकणेही अन्यायाचे ठरते, कारण त्या काळात पेलेच्या सांतोससारखे क्लब जगभर दौरे करून पैसा उभा करत आणि युरोपातील मोठ्या संघांशी त्यांच्या लढती चुरशीच्या होत. ब्राझीलच्या राज्य स्पर्धांचेही तसेच आहे. राष्ट्रीय लीग १९७१ मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या खेळाडूचे राज्य स्पर्धेतील गोल दुय्यम मानले तर त्याच्या कारकिर्दीचा मोठा भागच हातातून निसटतो. म्हणून रकाने वेगळे ठेवावेत, पण कोणताही रकाना वगळू नये.

यानंतर प्रत्येक मोसमापुढे संघाने त्या स्पर्धेत किती सामने खेळले ते लिहावे. लिबर्तादोरेसची पहिली स्पर्धा १९६० मध्ये अवघ्या सात संघांची होती. उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओच्या पेन्यारोलने त्यात सात सामने खेळून विजेतेपद मिळवले आणि त्यांचा स्पेन्सर सात गोलांसह सर्वाधिक गोल करणारा ठरला. त्यांपैकी चार गोल बोलिव्हियाच्या होर्हे विल्स्टरमनविरुद्ध ७-१ अशा जिंकलेल्या पहिल्याच सामन्यात आले होते, ही नोंदही शेजारी हवी. १९६६ मध्ये अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट क्लबच्या दानिएल ओनेगाने एकाच स्पर्धेत १७ गोल केले आणि तो विक्रम ठरला, पण तोपर्यंत देशोदेशीच्या लीगमधील उपविजेत्या संघांनाही प्रवेश मिळू लागल्याने स्पर्धा बरीच लांबली होती. सात आणि सतरा हे आकडे शेजारी ठेवले की ओनेगा मोठा वाटतो, आणि सामन्यांची संख्या पाहिली की चित्र बदलते. स्पेन्सरचे ५४ गोल ८७ सामन्यांतले आहेत, म्हणजे दर पाच सामन्यांमागे तीनहून अधिक.

गोल कोठे झाला याचीही नोंद ठेवावी. उरुग्वेच्या लीगमधील जवळपास सगळे क्लब त्या काळी माँटेव्हिडिओतलेच होते, त्यामुळे परक्या मैदानावरचा सामना म्हणजे बहुधा त्याच शहरातला सामना. लिबर्तादोरेसमध्ये मात्र परके मैदान म्हणजे दुसरा देश, लांबचा प्रवास, आणि कधीकधी सुमारे ३,६०० मीटर उंचीवरच्या ला पाझसारख्या शहरातली विरळ हवा. लीगमधील गोल आणि लिबर्तादोरेसमधील गोल म्हणूनच एका तराजूत तोलता येत नाहीत.

आता एक सामना पूर्ण उलगडून पाहावा, कारण कोष्टकातून जे कळत नाही ते अशा सामन्यात सापडते. मी २० मे १९६६ चा सामना सुचवेन. त्या वर्षीच्या लिबर्तादोरेसच्या अंतिम फेरीत पेन्यारोलने माँटेव्हिडिओत २-० असा आणि रिव्हर प्लेटने ब्युनॉस आयर्समध्ये ३-२ असा विजय मिळवला होता. दोन्ही सामन्यांतील गोलांच्या बेरजेने पेन्यारोल तेथेच विजेता ठरला असता, पण तेव्हा गोलफरक निर्णायक नसल्यामुळे चिलीची राजधानी सँटियागो येथे तिसरा सामना घ्यावा लागला. मध्यंतराला रिव्हर २-० ने पुढे होता. त्यांचा गोलरक्षक आमादेओ कारिसो याने एक चेंडू हातात न घेता छातीवर झेलला, आणि तो अपमान वाटून पेन्यारोलचे खेळाडू पेटून उठले, असे तेव्हापासून सांगितले जाते. उत्तरार्धात स्पेन्सरने पहिला गोल फेडला. मग पेन्यारोलच्या अबादीचा फटका रिव्हरच्या मातोसासला लागून जाळ्यात गेला आणि बरोबरी झाली. हा गोल कोणी अबादीच्या नावावर लिहितात, तर कोणी मातोसासचा स्वयंगोल म्हणून. असे मतभेद दिसतील तेथे वहीत दोन्ही नोंदी ठेवाव्यात. जादा वेळेत स्पेन्सरने दुसरा गोल केला, पेद्रो रोचाने चौथा, आणि सामना ४-२ असा संपला. रिव्हरच्या चाहत्यांना ‘कोंबड्या’ हे टोपणनाव त्या पराभवानंतरच चिकटले.

त्या दोन गोलांचे वजन स्पेन्सरच्या विल्स्टरमनविरुद्धच्या चार गोलांहून कितीतरी जास्त आहे. म्हणून गोलापुढे सामन्याची स्थिती लिहावी: आघाडीचा, बरोबरीचा की विजय ठरल्यानंतरचा. अशी नोंद केली की लक्षात येते की १९६०, १९६१ आणि १९६६ या तिन्ही विजेतेपदांच्या अंतिम फेरीत स्पेन्सरचा गोल आहे. त्यांपैकी १९६० मध्ये ओलिम्पियाविरुद्ध आणि १९६१ मध्ये पाल्मेइरासविरुद्ध माँटेव्हिडिओतील सामने १-० असे सुटले आणि दोन्ही एकमेव गोल त्याचेच होते. त्याला ‘जादूचे डोके’ म्हणत, यावरून त्याचे हेडर कसे असतील याची कल्पना येते. जुनी चित्रफीत मिळाली तर चेंडू येण्याआधी तो कोठे उभा आहे आणि बचावपटूच्या कोणत्या बाजूने निसटतो, एवढेच वारंवार पाहावे.

राष्ट्रीय संघाच्या रकान्याबाबत घाईने मत बनवू नये. इक्वेडोर पहिल्यांदा विश्वचषकात खेळला तो २००२ मध्ये, त्यामुळे स्पेन्सरच्या विश्वचषकाच्या रकान्यातील शून्य ही त्याची उणीव नव्हे. तो उरुग्वेकडूनही खेळला आणि १९६४ मध्ये वेम्बली येथे इंग्लंडविरुद्ध त्याने गोल केला, पण तो सामना इंग्लंडने २-१ असा जिंकला.

शेवटचा रकाना गोलासाठी दिलेल्या पासांचा ठेवावा, जरी जुन्या काळात तो बहुतेक रिकामाच राहणार असला तरी. पेन्यारोल सोडून स्पेन्सर मायदेशी, इक्वेडोरमधील ग्वायाकिल शहराच्या बार्सेलोना क्लबमध्ये परतला, आणि त्याच्या ५४ पैकी अखेरचे सहा गोल तेथले आहेत. पण त्या काळातील सर्वांत मोठी नोंद या सहांमध्ये सापडत नाही. २९ एप्रिल १९७१ रोजी अर्जेंटिनातील ला प्लाता येथे, लिबर्तादोरेसचा सलग तीन वर्षे विजेता ठरलेल्या एस्तुदियान्तेसला बार्सेलोनाने त्यांच्याच मैदानावर १-० असे हरवले. गोल केला हुआन मानुएल बासुर्को या धर्मगुरू असलेल्या खेळाडूने, आणि त्याला पास दिला होता तेहतीस वर्षांच्या स्पेन्सरने.